काळ्या पेनाची पानं

जुने शहर, अकोला
१९ एप्रिल २०२५

मा. परीक्षा नियंत्रक साहेब यांस,

काल फोनवर तू म्हणालास, "मैना, आरडाओरडा करू नको. जे काही म्हणायचं असेल ते लेखी दे." घे, देते लेखी. वर जयभीम लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नाही.

गुरुवारी मी दवाखान्यातून ड्यूटी संपवून आले तर प्रियदर्शनी पायरीवर बसलेली. दोन बॅगा आणि एक बादली. बादलीत चपला, साबण, तेलाची बाटली. तीन वर्षं अमरावतीला तुझ्या घरात राहिलेली माझी पोरगी असं सामान घेऊन एसटीने एकटी आली. मला वाटलं शेवटचा पेपर झाला, सुट्टी लागली, आनंदाने आली असेल. मी म्हटलं, "एवढं सामान घेऊन एकटी काहून आली? मामा सोडायले नाही आला का?"

ती म्हणाली, "मामानंच पकडलं मले."

 दोन तासांनी तिच्या तोंडून जे निघालं ते लिहिते. तुझ्या अहवालाशी ताडून बघ.

भौतिक रसायनशास्त्राचा पेपर. तुमच्या कॉलेजचा नियम, फक्त निळा बॉलपेन, पूर्ण उत्तरपत्रिका एकाच शाईत. नियम तिला पाठ आहे, कारण तो तूच तिला जेवताना सांगायचास. ती दोन निळे पेन घेऊन गेली. एक उन्हाने पाझरला, बोटं भरली. दुसरा चालता चालता कोरडा पडला. तिने हात वर केला. हॉलवर ललित सर होते, ते तासिकेवर शिकवणारे. त्यांनी वर्गात विचारलं, जास्तीचा निळा पेन कुणाजवळ आहे का. कुणी मान वर केली नाही. मग त्यांनी स्वतःच्या खिशातला पेन काढून दिला. काळा होता. म्हणाले, "लिही, वेळ जाऊन राहिला. मी नंतर समासात सही करतो." पोरीने शेवटचे दोन प्रश्न त्या पेनाने लिहिले.

सही करायच्या आधी तू आलास फेरीवर.

तू तिची उत्तरपत्रिका उचललीस. तिने सांगितलं, "सर, पेन ललित सरांनी दिला." तू ललित सरांकडे बघितलंस. त्यांनी मान खाली घातली. मग तू वर्गाच्या मधोमध उभा राहून बोललास, "नियम म्हणजे नियम. माझी भाची आहे म्हणून सोडणार नाही."

दादा, तुला कुणी विचारलं होतं, ती तुझी कोण लागते म्हणून?

तिने कॉपी केली नाही. चिठ्ठी नव्हती, मोबाइल नव्हता. आणि तू कागदावर लिहिलंस 'गैरप्रकार'. दोन रंगांची शाई म्हणजे परीक्षकाला ओळख पटावी म्हणून केलेली खूण. ही पोरगी कुठल्या परीक्षकाला ओळखते? तिच्या ओळखीचा तुमच्या कॉलेजात एकच माणूस होता.

त्या दिवशी घरी येऊन तू जेवलास. ती आत सामान भरत होती आणि तू ताक मागितलंस, हे रश्मी वहिनींनी मला फोनवर रडत सांगितलं. वहिनींवर माझा राग नाही. तुझ्या घरात तू बोलल्यावर दुसरं कोण बोलतं?

माझी मागणी एवढीच आहे. तो अहवाल मागे घे. पत्र रागात लिहिलं आहे, पण मागणी रागातली नाही.

मैना
(तुझी बहीण, नियमात बसत असेल तर)


अकोला
२८ एप्रिल

दादा,

माझ्या दोन पानांच्या पत्राला तुझ्या मोबाइलवरून दोन ओळी आल्या. "नियम सर्वांना सारखा. भावनेच्या भरात काही करू नये." सोबत नियमांच्या पत्रकाचा फोटो, शाईच्या कलमाभोवती लाल गोल. मी ते पत्रक अख्खं वाचलं. गोलाच्या खाली तीन कलमं सोडून लिहिलेलं आहे, जवळचा नातेवाईक परीक्षेला बसलेला असेल तर अधिकाऱ्याने त्या हॉलच्या कामात भाग घेऊ नये. त्याच्याभोवती गोल का नाही?

उत्तरपत्रिका स्कॅन होतात म्हणून जेल पेन नको, समजलं. खुणा करू नयेत म्हणून शाई एक, तेही समजलं. शाई बदलावी लागली तर पर्यवेक्षकाने सही करावी, हेही तुमच्याच पत्रकात आहे. म्हणजे नियम करणाऱ्याला माहीत होतं की पेन बंद पडतो. तेवढी अक्कल नियमाला आहे.

रविवारी मी वलगावला गेले होते. बाबा अंगणात खाट टाकून बसलेले, हातात पेपरचं कात्रण. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. मला बघून म्हणाले, "ये मैना. वाच, तुह्या भावाचं नाव आलं पेपरात."

मी वाचलं. 'भाचीवरही केली कारवाई. परीक्षा नियंत्रकांच्या निःस्पृहतेचे कौतुक.' तुझा फोटो, गळ्यात शाल. शालही मिळाली म्हणजे.

मी म्हटलं, "बाबा, ही भाची म्हणजे आपली प्रियदर्शनी."

बाबांनी कात्रण माझ्या हातून घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "तिचं नाव तं नाही अथी."

"नाव कायले छापतील? एकच भाची आहे त्याले."

"पोरीनं कॉपी केली का?"

"नाही."

"मंग काय केलं?"

"काळ्या पेनानं लिहिलं."

बाबा हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मी हसले नाही तेव्हा त्यांनी कात्रणाची घडी केली आणि उशीखाली सरकवली. नंतर कुणाला दाखवलं नाही. मी निघताना बाबांनी विचारलं, "पोरगी जेवते ना?" मी म्हटलं, जेवते.

जेवत नाही. तुला सांगायचं नव्हतं, पण खोटं लिहिण्यापेक्षा लिहून टाकते.

वहिनी म्हणाल्या, तू घरी असं म्हणतोस की आपल्या माणसाला दुपटीने स्वच्छ राहावं लागतं, आपल्याकडे बोट दाखवायला लोक टपलेलेच असतात. हे मला शिकवू नको. तू लागलास तेव्हा स्टाफरूममध्ये तुझ्या पाठीमागे काय बोलायचे, ते तूच मला सांगितलं होतंस. माझ्या वॉर्डात इंजेक्शनची बाटली कमी भरली की पहिली नजर कुणाकडे वळते, ते मीही वीस वर्षं बघते आहे. तोंडाने कुणी बोलत नाही, नुसते बघतात. म्हणून मी चोख काम करते. पण मी चोख आहे हे दाखवायला चारचौघांत माझ्या लेकीची पिशवी उलटी करत नाही.

तू ते केलंस. ज्यांना तुझ्यावर बोट दाखवायचं होतं त्यांच्या हातात तू पोरगी दिलीस, आणि त्यांनी तुला शाल दिली.

जन्मली तेव्हा तिचं नाव तू ठेवलं होतंस. मी 'सोनू' म्हणत होते. तू म्हणालास, "सोनू कायले? पोरगी मोठी होईन, तिले मोठं नाव पाहिजे." आता कॉलेजात तिला त्या नावाने कुणी ओळखत नाही. 'पेनवाली' म्हणतात. तिची मैत्रीण सांगत होती.

सुनावणीचं पत्र आलं आहे. मी तिच्यासोबत येणार आहे.

मैना


अकोला
१६ मे

दादा,

काल तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. मी मात्र तुझ्याकडेच बघत होते, म्हणून सगळं लक्षात आहे.

तुम्ही चौघं टेबलामागे. तुझे प्राचार्य, दोन सदस्य, कडेला तू. त्या दोघांतल्या, बाहेरून आलेल्या हर्षा मॅडम सोडल्या तर कुणी प्रियदर्शनीला 'बस' सुद्धा म्हणालं नाही. त्यांनीच विचारलं, "नियम माहीत होता तुला?"

"हो मॅडम."

"मग काळा पेन का घेतला?"

"निळे दोन्ही बंद पडले. ललित सरांनी त्यांचा दिला."

मग ललित सरांचा अहवाल वाचला. 'सदर विद्यार्थिनीजवळ काळ्या शाईचा पेन आढळून आला.' आढळून आला. जसा अंथरुणात विंचू आढळतो. कुणाचा पेन, कुठून आला, एक अक्षर नाही.

ललित सर भिंतीशी उभे होते. इतका तरुण पोरगा असेल असं मला वाटलं नव्हतं. शर्टाची कॉलर घामाने काळी झालेली. प्रियदर्शनी त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "सर, थो पेन तुमचा होता." आवाज चढवला नाही. सरांनी रुमालाने कॉलर पुसली. तू घसा खाकरलास आणि म्हणालास, "पर्यवेक्षकांवर आरोप करून उपयोग नाही."

हा आवाज मला माहीत नाही, दादा. आपल्या घरातला नाही हा.

मी मध्ये बोलले. मी म्हटलं, तिच्या उत्तरपत्रिकेची निळी पानं वाचा आणि काळी पानं वाचा. अक्षर एक, अभ्यास एक. खूण करायची असती तर पोरीने हात वर करून सगळ्या वर्गादेखत केली असती का? प्राचार्य म्हणाले, "बाई, तुम्हाला बोलायची परवानगी नाही." आणि तू त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलंस. काय सांगितलंस? माझी बहीण आहे, हे सांगितलंस का?

निकाल तिथल्या तिथे. पेपर रद्द. शिवाय पर्यवेक्षकावर खोटा आरोप केल्याबद्दल लेखी ताकीद. त्या कागदावर तू हिरव्या शाईने सही केलीस. तुम्हा अधिकाऱ्यांना हिरवी चालते.

कॉपीवाली झाली, आता खोटारडीही झाली. नागपूरच्या एम.एस्सी. प्रवेशासाठीची परीक्षा ती पास झाली आहे, चांगल्या नंबरने. तिथे जूनमध्ये गुणपत्रक लागतं. हा पेपर पुन्हा हिवाळ्यात. हिशेब तुला कळतो.

परत येताना गाडी मूर्तिजापूरला थांबली. मी उसाचा रस घेऊन दिला. तिने ग्लास धरून ठेवला आणि म्हणाली, "आई, मी बसीन हिवाळ्यात परत. तू बंद कर आता हे. मामाची नोकरी आहे."

मी तिच्यावर ओरडले. अख्खी गाडी वळून बघायला लागली इतकी ओरडले. तुझ्यावरचा राग तिच्यावर निघाला. तिने रस पिऊन टाकला, ग्लास नेऊन दिला आणि खिडकीशी बसली.

मी बंद करणार नाही. आम्ही फेरसुनावणीचा अर्ज दिला आहे.

मैना


अकोला
१४ जून

अश्विन,

दादा लिहायला हात उठला नाही.

परवा त्या खोलीत तू जे ऐकलंस ते मी आठ दिवस आधी ऐकलं होतं, माझ्या घरात. तुला फोन करून सांगू शकले असते. सांगितलं नाही. तुझं तोंड समोर बघायचं होतं.

मागच्या आठवड्यात दुपारी दारात ललित सर उभे. त्यांच्या गावाहून, मोर्शीहून अमरावती, तिथून अकोला, एवढ्या उन्हात. जुन्या शहरात आमची गल्ली विचारत विचारत आलेले. मी त्यांना आत घेतलं नसतं. ह्यांनी घेतलं. पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. सर पाणी पिऊन म्हणाले, "ताई, मी खोटं लिहून देल्लं."

मी म्हटलं, "मले माहीत आहे. थे सांगायले एवढ्या दूर आले?"

म्हणाले, "पुरं माहीत नाही तुमाले."

मग सांगितलं. पेपर सुटल्यावर ते तुझ्या केबिनमध्ये आले होते. म्हणाले होते, सर, पेन माझा होता, सही करायची राहिली ही चूक माझी, मी तसं लेखी देतो. आणि तू काय म्हणालास? ते शब्दन् शब्द सांगत होते, मीही तसाच लिहिते. "लेखी देऊ नका. मी सगळ्यांसमोर बोलून गेलो आहे. आता मागे घेतलं तर लोक म्हणतील, भाचीसाठी घेतलं. तुमच्या पुढच्या वर्षीच्या तासांची फाइल माझ्याकडेच येते." मग समोर कागद ठेवलास आणि अहवाल सांगितलास. त्यांनी लिहिला.

म्हणजे तुला त्याच दिवशी माहीत होतं. घरी येऊन ताक मागितलंस तेव्हा माहीत होतं. पेपरात फोटो छापून आला, तुझ्या खांद्यावर शाल पडली तेव्हा माहीत होतं. "पर्यवेक्षकांवर आरोप करून उपयोग नाही" म्हणालास तेव्हाही.

एवढे दिवस मला वाटत होतं, तू कठोर आहेस. नियमाने आंधळा झाला आहेस. त्या रागात कुठेतरी मान होता तुझा. बाबांना मी म्हणाले होते, दादाचं चुकतं आहे, पण तो खोटा नाही.

ललित सरांनी मला विचारलं, "मी बोललो तं माहे तास जातीन ना ताई?"

मी म्हटलं, "जातील." त्या पोराला खोटा धीर द्यायची माझी इच्छा नव्हती.

प्रियदर्शनी आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "सर, तुमी नका बोलू. मी देते ना पेपर परत."

सर म्हणाले, "पेपर तू देशीन. पण खोटं मी लिहिलं हाय. थे तू पेपर दिल्यानं पुसल्या जाणार नाही."  ह्यांनी जेवायला वाढलं. मी वाढलं नाही. मला अजून जमत नव्हतं.

परवा ते तुझ्यासमोर उभे राहिले. तुला वाटलं असेल, पुन्हा भिंतीशी उभा राहील आणि गप्प राहील. हर्षा मॅडमनी विचारलं, "तुम्ही तेव्हाच लेखी का दिलं नाही?" ते म्हणाले, "मी देत होतो. सरांनी नको म्हटलं." कोणत्या सरांनी, असं विचारल्यावर त्यांनी तुझं पूर्ण नाव सांगितलं.

मॅडमनी तुला विचारलं. तू चष्मा काढलास, पुसलास, परत घातलास. आणि म्हणालास, "मला आठवत नाही."

वलगावच्या शाळेत सगळ्या वर्गांच्या कविता तुला पाठ असायच्या. माझ्या वर्गाच्यासुद्धा. मी अडखळले की तू खिडकीबाहेरून ओठ हलवून सांगायचास. आपल्या वस्तीतून पहिला एम.एस्सी. झालास तेव्हा पाहुण्यांची नावं, कोण काय बोललं, सगळं तू अजून सांगतोस. आणि एप्रिलमधली एक दुपार तुला आठवत नाही.

प्रियदर्शनी तेव्हा रडली. पेपर रद्द झाला तेव्हा रडली नव्हती, ताकीद मिळाली तेव्हा नाही. तू 'आठवत नाही' म्हणालास तेव्हा रडली.

निर्णय तिच्या बाजूने लागला हे तुला माहीतच आहे. पेपर तपासणार, ताकीद रद्द. आभार मी फक्त दोघांचे मानते, हर्षा मॅडमचे आणि त्या पोराचे.

तुझ्याशी माझं काही बोलणं उरलेलं नाही.

मैना


अकोला
२७ जुलै

दादा,

बोलणं उरलं नाही असं लिहिलं होतं. तू काल वॉर्डाच्या दारात येऊन उभा राहिलास, म्हणून लिहावं लागतं आहे.

मी एका म्हातारीला सलाइन लावत होते. शीर सापडत नव्हती. मान वर केली तर तू. दाढी वाढलेली, हातात पिशवी. मी म्हटलं, "भेटीची वेळ संपली." तू म्हणालास, "मी थांबतो." आणि खरंच थांबलास, माझी ड्यूटी संपेपर्यंत, केसपेपरच्या खिडकीजवळच्या बाकावर.

तिथे तू जे बोललास ते मी ऐकून घेतलं. तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण आजूबाजूला माझ्या सोबतच्या सिस्टर होत्या आणि मला तमाशा करायचा नव्हता. आता देते.

तू म्हणालास, "चुकलं माझं, मैना." तुझ्या तोंडून हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. मला वाटायचं, ऐकले की राग उतरेल. उतरला नाही. मी घरी येऊन भांडी घासली, कुकर आपटला, ह्यांच्यावर चिडले.

तू म्हणालास, परीक्षेचं काम सोडलं, आता नुसता शिकवतो. बरं केलंस. पण ते तू लोक बोलायला लागल्यावर सोडलंस.

तू म्हणालास, "सगळ्यांसमोर बोलून गेलो आणि मंग मले उतरताच आलं नाही." हे मात्र मला खरं वाटलं. एवढं एकच वाक्य तू आपल्या बोलीत बोललास, बाकी सगळं ऑफिसच्या भाषेत.

तू म्हणालास, बाबांची इच्छा आहे, दोघांनी एकदा वलगावला समोरासमोर बसावं. बाबा मलाही म्हणाले. मी अजून हो म्हटलेलं नाही.

आणि तू प्रियदर्शनीचा नवा नंबर मागितलास. नाही देणार. तिचं काय झालं ते मात्र सांगते, कारण तू विचारलंस आणि बाकावर मी तोंड फिरवलं. तिला त्या पेपरात एकाहत्तर मिळाले. काळ्या पेनाची पानंही तपासली, त्यांचेही मिळाले. पण गुणपत्रक हातात येईपर्यंत नागपूरची यादी बंद झाली होती. तिने तिथल्या ऑफिसात जाऊन विनंती केली. बाईंनी सांगितलं, तारीख म्हणजे तारीख. ती घरी येऊन मला म्हणाली, "बाईची चूक नाही आई, तिले काय माहीत." आता नागपूरला पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत लागली आहे, दोन मुलींसोबत खोली घेऊन राहते, पुढच्या वर्षी परत परीक्षा देणार. वर्ष गेलं ते गेलं. न्याय मिळाला असं सगळे म्हणतात. मी त्या सगळ्यांना विचारते, वर्ष कुठे आहे?

आता मला जे म्हणायचं आहे ते. तू माझ्याकडे आलास, कारण मी बहीण आहे, ओरडेन आणि मग गप्प होईन असं तुला वाटलं. ललित सरांकडे गेलास का? त्यांचे तास तुमच्या कॉलेजने दुसऱ्याला दिले. फाइल तेव्हा तुझ्याकडे नव्हती, तास तू काढून घेतले नाहीस, मान्य. पण त्यांच्यासाठीही काही केलं नाहीस. ते मोर्शीला एका खाजगी शाळेत शिकवतात, नववी-दहावीला विज्ञान. सुट्टीच्या दिवशी काकाच्या संत्र्याच्या बागेत राबतात. त्या शाळेत त्यांच्याबद्दल काय पोचलं आहे माहीत आहे? परीक्षेत मुलीला पेन पुरवताना सापडलेला मास्तर. हे ते मला फोनवर हसून सांगतात. तुझ्याबद्दल वाईट शब्द काढत नाहीत, याचाही मला राग येतो.

मोर्शीला जा. त्यांच्या घरी नको, शाळेत जा. मुख्याध्यापकांसमोर, सगळ्या मास्तरांसमोर उभा राहा आणि सांग की हा माणूस खरं सांगायला आला होता आणि मी त्याला गप्प केलं. लेखी नको. लेखी तू चांगलं लिहितोस, त्यात कुणालाच काही सापडत नाही. तोंडाने सांग. आणि पेपरवाल्यांना बोलावू नको.

हे केलंस म्हणजे मी वलगावला येईन असं वचन मी देत नाही.

एक गोष्ट लिहायची नाही असं ठरवलं होतं. पण लपवून ठेवली तर माझ्यात आणि तुझ्यात फरक काय राहिला? काल घरी येऊन मी प्रियदर्शनीला फोन केला. सांगितलं, मामा आला होता, दवाखान्यात बसून होता, मी उत्तर न देता निघून आले. मला वाटलं ती म्हणेल, बरं केलं.  ती म्हणाली, "अमरावतीहून आला होता तं जेवला का मामा?"

मी म्हटलं, "मी विचारलं नाही."

ती म्हणाली, "विचारायचं होतं ना, आई." आणि तिला कुणीतरी हाक मारली, तिने फोन ठेवला.

तिने विचारलं ते तिचं म्हणून तुला कळवलं. माझं म्हणून काही समजू नको. मी तुला जेव म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. मोर्शीची गाडी सकाळी असते. जाऊन ये.

मैना